छावणी नसलेल्या तालुक्यांची फौजी मिळकत

महाड-पोलादपूरकडे सैन्याचा विषय निघाला की दोन मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, आपल्याकडे छावणी असती तर तालुके कधीच सुधारले असते. दुसरं म्हणजे, छावण्या हलोत नाहीतर बंद होवोत, आपल्याकडे एकही नाही, तेव्हा आपला काय संबंध? या दोन्ही मतांच्या मुळाशी चूक एकच आहे. सैन्याचा पैसा फक्त तळाच्या जागेतून येतो असं त्यांत धरलेलं असतं. या दोन तालुक्यांत तो येतो भरतीतून आणि पेन्शनीतून.

गैरसमज : तळ आला की भरभराट, तळ उठला की गाव ओस

तळावर हजार-दोन हजार पगारदार माणसं आली की दूध, भाजी, मटण, भाड्याच्या खोल्या, शिंपी, धोबी यांना गिऱ्हाईक मिळतं हे खरं. पण पलटणीचं धान्य, इंधन, कपडालत्ता ही मोठी खरेदी वरून होते. जवानाच्या पगाराचा बराचसा भाग त्याच्या स्वतःच्या गावाकडे जातो. शेजारच्या बाजाराच्या वाट्याला त्यातलं उरलेलं येतं.

तळ उठल्यावर काय होतं, याचा सर्वांत मोठा अनुभव अमेरिकेकडे आहे. तिथे १९८८ ते २००५ या काळात पाच फेऱ्यांत शेकडो लहानमोठे तळ बंद झाले किंवा दुसरीकडे हलवले गेले. न्यू हॅम्पशायरमधला पीज हवाई तळ १९९१ मध्ये बंद झाला, पण बंदर, महामार्ग आणि मोठी शहरं जवळ असल्याने त्या जागेवर उद्योग आले आणि तळावर होत्या त्याहून जास्त नोकऱ्या उभ्या राहिल्या. मेन राज्याच्या उत्तर टोकाचा लोरिंग तळ १९९४ मध्ये बंद झाला. त्याच्या शेजारच्या लाइमस्टोन गावाची लोकसंख्या १९९० ते २००० या दहा वर्षांत तीन-चतुर्थांशाने घटली. दोन्ही ठिकाणी तळ गेलाच होता. फरक पडला तो आसपास आधीपासून काय होतं यामुळे.

आपल्या बाजूला याचं जुनं उदाहरण दापोलीचं. १८१८ नंतर इंग्रजांनी दक्षिण कोकणचा लष्करी तळ तिथे ठेवला, म्हणून जुनी माणसं अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. १८४० च्या सुमारास नियमित फौज हलवली गेली, मग जुन्या शिपायांची पलटण राहिली, आणि १८५७ मध्ये तीही मोडली. तरीही दापोली ओस पडली नाही. कोकणातले निवृत्त सुभेदार-हवालदार कुटुंबासह तिथे राहत होते, त्यांची पेन्शन तिथे खर्च होत होती, त्यांच्या मुलांसाठी शाळा चालत होत्या. तळ उठल्यानंतर पन्नास वर्षं त्या गावाला फौजी वळण होतं, ते या पेन्शनरांमुळे.

रायगडाबद्दलही असंच बोललं जातं, की राजधानी गेली आणि महाडची रया गेली. गड १६८९ मध्ये मोगलांच्या हाती पडला, पण महाडची पेठ चालू राहिली. सावित्रीच्या खाडीतून गलबतं वर येत होती आणि घाटांनी माल देशावर चढत होता. पेशवाईतल्या कारस्थानाच्या धामधुमीत, १७९६ मध्ये, नाना फडणीस महाडला येऊन राहिले, ते या गावाला वजन होतं म्हणूनच.

गैरसमज : इथे छावणी नाही, म्हणून लष्करी फेरबदलांची झळ इथे लागत नाही

हा गैरसमज सर्वांत घातक आहे. तो खोडून काढणारा इतिहास खुद्द महाडमध्येच घडला आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या पलटणींत कोकणातल्या महारांची भरती मोठी होती. त्यातून पगार आणि पेन्शन तर मिळेच, शिवाय फौजेत शिपायांच्या मुलामुलींना शाळा सक्तीची होती. गावात ज्यांना शाळेच्या पायरीवर येऊ देत नसत, त्यांच्या घरात लिहिणारी-वाचणारी पिढी तयार झाली ती पलटणीमुळे. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करी शाळेत चौदा वर्षं मुख्याध्यापक होते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये फौजेतून निवृत्त होऊन दापोलीला स्थायिक झाले, त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ हे पुस्तक लिहिलं आणि अस्पृश्यतेविरुद्ध उभे राहिले. १८९५ मध्ये त्यांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्यासोबत बसायला इतर सभासदांनी हरकत घेतली. पेन्शनीने माणसाला किती ताठ उभं केलं होतं आणि समाज त्याला किती अडवत होता, हे दोन्ही त्या एका नेमणुकीत दिसतं.

आणि नेमकं याच काळात दार बंद झालं. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचे सरसेनापती होते. काही जाती ‘लढाऊ’, बाकीच्या नाहीत, हे त्यांचं मत. भरतीचा ओघ उत्तरेकडे वळला आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती थांबली. वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज लिहिला. रामजींनीही पुढे अर्जविनंत्या केल्या. कोकणातली एकही छावणी तेव्हा हलली नव्हती. बदलला होता फक्त कोणाला घ्यायचं याचा नियम.

या नियमाचा परिणाम पहिल्या वर्षी दिसत नाही, ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. जुने पेन्शनर जिवंत असतात, दर महिन्याला त्यांचे पैसे येत राहतात, वाडीत फरक जाणवत नाही. ती माणसं एकेक करून जातात तशी मिळकत आटते, आणि पोकळी पुरती ध्यानात येईपर्यंत वीस-तीस वर्षं उलटलेली असतात. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं आणि १९२१ मध्ये ती मोडली.

२० मार्च १९२७ या दिवशी, अस्पृश्यांच्या महाड परिषदेच्या वेळी, चवदार तळ्याचं पाणी घेतलं गेलं. त्या परिषदेला आलेल्यांत फौजेतून निवृत्त झालेली माणसं ठळकपणे होती. अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी लष्करभरतीच्या बंदीचा प्रश्न मांडला होता, हे फारसं सांगितलं जात नाही. पाण्याचा हक्क आणि पलटणीची भाकर, दोन्ही विषय त्या एकाच मांडवात होते. अखेर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

पुढे त्या रेजिमेंटचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला गेलं. कोकणापासून शेकडो मैल दूर. त्याने कोकणातल्या शिपायाच्या पगारात एक पैशाचाही फरक पडला नाही. तळ हलणं आणि भरतीचा नियम हलणं या दोन गोष्टी किती वेगळ्या, हे या एका रेजिमेंटच्या इतिहासात दिसतं.

मराठा घरांचं गणितही याहून वेगळं नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला, आणि तिथल्या शिपायाची मनीऑर्डर यायची महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत. महाड तालुक्यातल्या आंबवड्याला लोक ‘फौजी आंबवडे’ म्हणूनच ओळखतात. घरटी माणूस सैन्यात अशी त्या गावाची ख्याती आहे आणि महायुद्धात गेलेल्यांचं स्मारक गावात आहे. (मंडणगड तालुक्यातलं बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, ते वेगळं.) शेजारच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत धारातीर्थी पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शौर्याच्या या कथा आपण अभिमानाने सांगतो. पण भाताची तुटपुंजी खाचरं, चार महिने धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असलेल्या वाडीत पलटणीचा पगार काय करत होता, हेही तितक्याच आदराने सांगायला हवं. कौलारू घर, विहीर, मुलीचं लग्न, मुलाचं महाडच्या शाळेतलं शिक्षण, यांमागे बऱ्याच घरांत तो पगार उभा आहे.

मुंबईच्या चाकरमान्याच्या पैशापेक्षा हा पैसा एका बाबतीत निराळा. गिरणीतला माणूस कष्टाची सगळी वर्षं मुंबईत काढून थकल्यावर गावी येई. फौजी मात्र पस्तिशी-चाळिशीत, अंगात बळ असताना, आणि हातात दरमहाची पेन्शन घेऊन परततो. पुरुष बाहेर आणि बायका जास्त अशी ज्या पोलादपूरची स्थिती, तिथे असा माणूस गावात असणं ही मोठी गोष्ट आहे.

गैरसमज : छावणी परिषद बरखास्त म्हणजे लष्कर निघालं

एप्रिल २०२३ मध्ये हिमाचलमधल्या योलची छावणी परिषद बरखास्त झाली, तेव्हापासून ही समजूत पसरली. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद आणि कामठी अशा सात छावणी परिषदा आहेत. प्रस्ताव आहे तो त्यांतला नागरी भाग नगरपालिका-महापालिकांना जोडण्याचा. पलटणी तिथेच राहतात, लष्करी भाग लष्कराच्याच ताब्यात राहतो. बदलतं ते घरपट्टी, पाणी, बांधकाम परवानगी कोणाकडून मिळणार, एवढंच.

गैरसमज : एनडीआरएफचा तळ म्हणजे महाडची छावणी

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली, महाड शहर पुराखाली होतं, रस्ते बंद होते आणि मदत पोचायला वेळ लागला. त्यानंतर महाडला एनडीआरएफचा (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा) कायमचा तळ हवा ही मागणी जोर धरून पुढे आली, आणि ती अगदी रास्त आहे. पण त्याकडून रोजगाराची अपेक्षा ठेवणं चुकीचं. एनडीआरएफ गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, त्यातले जवान निमलष्करी दलांतून काही वर्षांसाठी येतात, आणि एका पथकात साधारण ४५ जण असतात. त्यांच्यामुळे बाजारपेठ उभी राहणार नाही. दरड कोसळल्यावरचे पहिले काही तास मात्र वाचतील, आणि या डोंगरांत तेवढ्यासाठीच तळ मागायला हवा.

गैरसमज : पेन्शन काय आणि एकरकमी पैसे काय, सारखंच

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चारांतला एक कायम. बाकीच्यांना ११ लाख ७१ हजार रुपयांच्या आसपास सेवानिधी मिळतो, पेन्शन नाही. पूर्वी पंधरा वर्षं काढलेल्या जवानाला आयुष्यभर पेन्शन आणि त्याच्या मागे पत्नीला कुटुंब पेन्शन असे. ती चाळीस-पन्नास वर्षं त्याच वाडीत येत राही, पुराच्या वर्षीही आणि पीक बुडालं त्या वर्षीही. एकरकमी रक्कम बहुतेक घरांत कर्ज, घर किंवा लग्न यांतच संपते.

पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीला, २०२७ च्या सुरुवातीला पुरी होतात. तेव्हाही महाड-पोलादपूरच्या बाजारात काही बदललं असं वाटणार नाही, कारण २००० च्या आधी-नंतर भरती झालेल्यांची पेन्शन चालू असेल. १८९३ नंतरची दहा-पंधरा वर्षंही अशीच गेली होती. माजी सैनिकांची नोंद अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात असते. ती गाववार आणि वयानुसार मांडली, तर आंबवड्यासारख्या गावात कोणत्या दशकात किती पेन्शनी उरतील हे आजच दिसू शकेल. तालुक्याचं नियोजन करताना, महाडच्या औद्योगिक वसाहतीत प्रशिक्षणाच्या जागा ठरवताना, हा आकडा समोर हवा.