न लागणारा दिवा

कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ साली ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी डोळे भरून पाहिलं. घरी बांधलेल्या विमानाचं नाव निघालं, की लोक पंखांविषयी विचारतात. मला कुतूहल असतं ते अल्टरनेटरच्या लाल दिव्याचं.

मोटारीतल्यासारखी जोडणी केली, तर या दिव्याचं एक टोक स्विचमार्गे बॅटरीला असतं, दुसरं अल्टरनेटरला. दोन्हीकडे विद्युतदाब सारखा, तर दिवा विझलेला. अल्टरनेटर बंद पडला, की तो पेटतो. पण बल्बच जळालेला असला तर? अंधार म्हणजे सारं क्षेम, असाच समज व्हायचा! मॅग्नेटोवरचं इंजिन तर अल्टरनेटरवाचूनही खुशाल चालत राहतं. रेडिओ मात्र बॅटरी पीत असतो. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, जमा थांबली, नावे चालूच.

म्हणून मला दुसरी रीत पटते: अल्टरनेटरला न विचारता थेट विद्युतदाबच मोजायचा. बारा व्होल्टच्या यंत्रणेत चार्जिंग नीट असताना तो चौदाच्या आसपास असतो. तेराखाली उतरला, की दिवा लुकलुकला पाहिजे. मग पट्टा तुटलेला असो की वायर. इंजिन सुरू होण्यापूर्वी बॅटरी तेराखालीच असते. तेव्हा स्विच टाकल्यावर दिवा लुकलुकला नाही, तर वैमानिकाने खाली उतरावं आणि आधी दिवा तपासावा.