पीक विम्याच्या शेवटच्या दिवशी 'सर्व्हर डाऊन' का होतो?

जुलै संपत आला की बीड जिल्ह्यातल्या सीएससी केंद्रांवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.' २०२३ च्या खरिपात १ रुपयात पीक विमा सुरू झाला आणि राज्यभरातून दीड कोटीहून जास्त अर्ज आले. ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. त्यानंतर ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली. ऑक्टोबरअखेर दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांत वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई होते. अर्ज भरला गेला की राहिला, याला किती किंमत होती ते यावरून कळतं.

साइट अडकण्याची कारणं अनेक असतात. त्यातलं एक सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे डेटाबेसचं कनेक्शन.

तुम्ही 'सबमिट' दाबता तेव्हा वेबसाइटला डेटाबेसशी जोडणी करावी लागते. ओळख पटवणं, पासवर्ड तपासणं, मेमरी राखून ठेवणं, हे सगळं दर वेळी नव्याने करायचं तर वेळ जातो. मग एकदा जोडलेलं कनेक्शन तोडायचंच नाही, अशी युक्ती निघाली. पण प्रत्येकाने असं धरून ठेवलं तर? मायएसक्यूएलची मूळ मर्यादा १५१ कनेक्शन्सची असते, पोस्टग्रेस्क्यूएलची १००. ती वाढवता येते, पण प्रत्येक कनेक्शन मेमरी खातं. रिकामं बसलेलं कनेक्शन मायएसक्यूएल स्वतःहून तोडतं, तेही मूळ सेटिंगनुसार तब्बल ८ तासांनी!

सोयाबीनच्या मळणीचं बघा. गावात दोनशे शेतकरी असले तरी मळणीयंत्रं दोन-तीनच असतात. एकाचं झालं की यंत्र दुसऱ्याच्या शेतात. 'कनेक्शन पूल' नेमकं हेच करतो. थोडी कनेक्शन्स कायम उघडी ठेवायची, काम आलं की द्यायची, झालं की परत घ्यायची. एका कामाला २० मिलिसेकंद लागत असतील तर एक कनेक्शन सेकंदाला ५० कामं उरकतं आणि २० कनेक्शन्स हजार. हजार लोकांना हजार कनेक्शन्स लागत नाहीत ती यामुळेच.

गडबड होते ती परत देताना. प्रोग्रामरने कनेक्शन परत करायचं विसरलं की यंत्र एकाच बांधावर उभं, बाकीचे वाट बघत. दुसरी चूक जास्त वाईट. आधीच्याचा अर्धवट व्यवहार तसाच राहिला, तर तो पुढच्याच्या कामात मिसळू शकतो. मळणीयंत्रात आधीच्याचं धान्य उरावं तसं. म्हणून परत घेताना अपुरा व्यवहार रद्द करून कनेक्शन साफ करायचं असतं.

आणि पूल भरलेलाच असेल तर अर्जाला रांगेत थांबावं लागतं. स्क्रीनवर चक्र फिरतं ते कधीकधी याचंच. अशा वेळी वैतागून रिफ्रेश केलं की रांगेत आणखी एक विनंती वाढते. पहिली आत पोहोचलेली असू शकते, म्हणून आधी अर्जाची स्थिती तपासा.