खुराड्याजवळचें पाणी

थंड देशांत हिंवाळा कडक झाला म्हणजे कोंबड्या पाळणाऱ्यांस एकच चिंता पडते. त्यांच्यापुढील पाणी गोठतें. तेथें दिवसांतून दोन-तीनदां कोमट पाणी देतात, अथवा रबराचें भांडें वापरून त्यांतील बर्फ उलटा आपटून काढतात. आपल्याकडे महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं एखाद्या पहाटे दंव गोठतें, इतकेंच. कवठे महांकाळास ही चिंता हास्यास्पदच वाटेल. तथापि भांडें भरलेलें असूनही पक्षी तहानेला राहतो, ही तिच्या मुळाशीं असलेली गोष्ट आमच्या दुष्काळी तालुक्यास उन्हाळ्यांत तंतोतंत लागू पडते.

आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं अंडें वर्ज्य आहे, हें आम्ही जाणतों. परंतु मळ्यावरील गड्याच्या अंगणांत दहा-पांच कोंबड्या असतातच, आणि त्याच्या कारभारणीच्या हातीं खेळणारे चार पैसे बहुधा त्यांचेच असतात.

कोंबडीचें अंग मुळांतच 41 ते 42 अंश उष्ण. तिला घाम येत नाहीं. चोंच उघडून धापा टाकावयाच्या व श्वासावाटे ओलावा दवडावयाचा, हाच तिचा निवाऱ्याचा उपाय. साधारण हवेंत तिला रोज सुमारें पाव लिटर पाणी पुरतें. 40 अंशांच्या उन्हांत त्याची दुप्पट लागते. पण तापलेल्या पाण्यास ती चोंच लावीत नाहीं. अंड्याचा सुमारें तीन चतुर्थांश भाग पाणीच असल्यानें प्रथम अंडीं थांबतात. मग एखाद्या दुपारीं कोंबडीच आडवी होते.

म्हणून पत्र्याचा डबा नको. फुटक्या घागरीचें बूड त्याहून शतपट बरें. तें पाझरतें व पाणी गार राहतें. सकाळची लिंबाची सावली दुपारीं सरकते, हें मात्र कोणी पाहत नाहीं! भांडें सावलीबरोबर हलवावें आणि भर दुपारीं पाणी बदलावें. पिलांसाठीं आंत खडे टाकावे, म्हणजे तीं बुडत नाहींत.

म्हैसाळ योजनेनें कृष्णेचें पाणी टप्प्याटप्प्यानें उचलून या भागांत आणलें आहे. तरी पाण्याची ओढ लागली कीं कोंबड्यांच्या वाट्यास भांडीं घासलेलें साबणाचें पाणी येतें. हें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. दहा कोंबड्यांस भर उन्हाळ्यांतही पांच लिटर, म्हणजे लहानशी अर्धी बादली पुरते. टँकरचें पाणी चालेल. फक्त राणीखेत रोगाची लस पाण्यांतून पाजावयाची असेल त्या दिवशीं औषध टाकलेलें पाणी घेऊं नये, कारण क्लोरीननें लस मरते. त्या दिवसापुरती विहिरीची कळशीभर राखून ठेवावी.