चाकांवरचे घर आणि खाऱ्या पाण्याची खांड

प्राध्यापकाने प्रवासाचे बेत आखावेत आणि ते घरातल्या बायकांनी मोडावेत, हा आमच्याकडचा जुना शिरस्ता. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाचे कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर झाल्यापासून चाकांवरचे ते घर माझ्या डोक्यात घोळत होते. बिछाने, छोटासा ओटा, न्हाणीघर. वाटेल तिथे मुक्काम! जैसलमेरची वाट मी नकाशावर पेन्सिलीने आखूनही ठेवली होती.

ऐंशी ओलांडलेली आई म्हणाली, "वाळवंटच बघायचंय ना? मग गडबला चल. माझ्या बापाचं शेत बघ."

गुडघे धरल्यामुळे बारा वर्षांत ती माहेरी गेली नव्हती. शिवाय मामेभावाने जमीनविक्रीचा कागद पाठवला होता. त्यावर तिची सही हवी होती. गेल्या माघात भाड्याची गाडी आणली, आईला खिडकीजवळ निजवले आणि पेण, वडखळ करीत निघालो. "मला पालखीत घालून नेताय की काय?" असे तिने दोनदा विचारले.

गडबच्या पश्चिमेला धरमतरची खाडी. तिच्या काठची खारजमीन पूर्वजांनी चिखलमातीचे बांध घालून समुद्राकडून मिळवलेली. बांधाला उघाडी असते: ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडते, भरतीला तिचे दार मिटते. पण उधाणाने बांध फुटला, की खारे पाणी आत शिरते आणि पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत भात धड येत नाही.

आजोबांचे शेत दिसले. भेगाळलेल्या जमिनीवर मिठाची पांढरी साय, कडेला कांदळाची झुडपे. आईने चिमूटभर माती जिभेला लावली.

"खांड गेलीय रे," ती म्हणाली.

वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या मला खांड म्हणजे साखर, एवढेच चटकन आठवले! बांधाला पडलेल्या भगदाडाला इथे खांड म्हणतात. लहानपणी रात्री 'खांड गेली!' अशी आरोळी आली, की आजोबा ताटावरून उठून धावत. सारा गाव चिखलाची ढेकळे हातोहात देई. "तेव्हा कुणाचं शेत, हे कुणी विचारत नसे," आई म्हणाली.

पुढे नागोठण्याला अंबेवरचा दगडी पूल पाहिला. चौलच्या काझी अल्लाउद्दीनने १५८० च्या सुमारास तो बांधला, असे सांगतात. रोह्याहून कुंडलिकेच्या कडेने कोर्लईला गेलो. पोर्तुगीज १७४० मध्ये चौल सोडून गेले. पण त्यांच्या भाषेची मिश्र बोली या गावात अजून बोलतात. माझ्यातल्या मास्तराला मेजवानीच! पूल ओलांडून रेवदंड्याला एका परिचितांच्या वाडीत मुक्काम केला.

रात्री मी हळूच कागद पुढे केला. बाहेर पौर्णिमेची भरती चढत होती. आई कितीतरी वेळ तो आवाज ऐकत राहिली. मग कागदाची घडी घालून तिने तो उशीखाली सरकवला.

"आधी खांड बांधायला किती लागतील, ते विचार," ती म्हणाली. "सही काय, पुढेही करता येईल."

वाचकहो, जैसलमेरचा नकाशा अजून माझ्या खणात आहे. त्याच्या पाठीवर सध्या मातीकामाचा हिशेब मांडला आहे.