लखोटा न फोडता

१९९७ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या पासाडेना येथील संस्थेत डॅनियल गॉट्समन या विद्यार्थ्याने जॉन प्रेस्किल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेटसाठी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय असलेले यंत्र त्या काळी कागदाबाहेर जवळजवळ नव्हतेच. आणि त्यातही विचार होता तो त्या क्वांटम संगणकाच्या पराक्रमांचा नव्हे, तर त्याच्या हातून होणाऱ्या चुकांच्या दुरुस्तीचा.

साध्या संगणकात चुकीचा बंदोबस्त सोपा असतो. एकच आकडा तीन ठिकाणी नोंदवावा आणि एखादी नोंद बिघडली तर बहुमत मानावे. परंतु क्वांटम संगणकाचे मूळ एकक जो क्यूबिट, तो शून्य आणि एक या दोन अवस्थांच्या अध्यारोपणात राहू शकतो, आणि अशा अज्ञात अवस्थेची तंतोतंत नक्कल करणे निसर्गालाच मंजूर नाही, हे १९८२ साली वुटर्स व झुरेक यांनी आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी सिद्ध केले होते. बरे, अवस्था तपासायला जावे तर तपासणीनेच ती मोडते. शिवाय क्यूबिट शून्याचा एक होण्याऐवजी किंचितसा कलंडू शकतो, म्हणजे चुकाही अगणित प्रकारच्या. एवढे अडथळे पाहून भले भले पदार्थवैज्ञानिक साशंक झाले, तर त्यांना दोष देता येत नाही.

१९९५ साली पीटर शोर यांनी एका क्यूबिटचा आशय नऊ क्यूबिटांत गुंफून वाट दाखविली. मोहोरबंद लखोटे फोडण्याचा अधिकार नसलेल्या दप्तरदाराने दोन लखोटे तराजूत घालून त्यांचे वजन सारखे आहे की नाही एवढेच पाहावे, तशी ती युक्ती आहे. सोयीसाठी तीनच क्यूबिट घेतले, तर पहिला व दुसरा जुळतात काय आणि दुसरा व तिसरा जुळतात काय, असे दोनच प्रश्न विचारावयाचे. पहिल्याचे उत्तर नकारार्थी व दुसऱ्याचे होकारार्थी आले, तर बिघाड पहिल्यात. दोन्ही नकारार्थी आली, तर मधल्यात. आत काय लिहिले आहे हे मात्र अखेरपर्यंत कुणालाच कळत नाही, आणि म्हणूनच ते सुरक्षित राहते.

गॉट्समन यांनी या प्रश्नांनाच सिद्धांताचे मूळ केले. पन्नास क्यूबिटांची अवस्था सरळ लिहू गेल्यास अकराशे लाख कोटींहून अधिक संख्या लागतात. त्याऐवजी, अवस्था अशा दुरुस्तीसाठी गुंफलेली असेल तर, तिला जशीच्या तशी ठेवणाऱ्या क्रियांची यादी करावी, म्हणजे पन्नास ओळींच्या आत काम भागते; यादीतील एकेक ओळ म्हणजेच एकेक प्रश्न. (त्याच सुमारास कॅल्डरबँक, रेन्स, शोर व स्लोन हेही याच निष्कर्षाला पोहोचले होते.) इतरांनी १९९६ साली शोधलेली पाच क्यूबिटांची रचना या पद्धतीत अवघ्या चार ओळींत मावते. प्रत्येक क्यूबिट तीन प्रकारांनी बिघडू शकतो, म्हणजे एकट्या क्यूबिटाचे बिघाड पंधरा आणि बिनचूकपणाची शक्यता एक, मिळून सोळा. आणि चार होय-नाही प्रश्नांची संभाव्य उत्तरेही नेमकी सोळाच! एकही उत्तर वाया जात नाही. किंचित कलंडलेल्या क्यूबिटाचे काय, ही शंकाही येथेच फिटते. कारण प्रश्न विचारताच त्या अर्धवट चुकीला घडलेली वा न घडलेली यांपैकी एक बाजू घ्यावीच लागते.

गंमत अशी, की जी आकडेमोड या यादीच्या चौकटीत पुरती बसते, ती साधा संगणकही झपाट्याने करू शकतो, हे पुढे गॉट्समन व निल यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या प्रमेयाने दाखविले. क्वांटम संगणकाचे खरे सामर्थ्य त्या चौकटीबाहेर शोधावे लागते.

चुकांची दुरुस्ती मात्र त्या चौकटीतच चालते: किताएव यांनी मांडलेल्या कल्पनेतून निघालेली ‘पृष्ठ-संहिता’ ही दुरुस्तीची रचनाही यादीच्या याच भाषेत लिहिली जाते. गूगलच्या ‘विलो’ या चिपवरील तिचे प्रयोग डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा संहितेचा विस्तार एकेका पायरीने वाढविताच चुकांचे प्रमाण दर वेळी निम्म्याहून खाली आले. सर्वांत मोठ्या रचनेत एकाच आशयाच्या रक्षणासाठी १०१ क्यूबिट खर्ची पडले. एवढा लवाजमा एका क्यूबिटासाठी, हे ऐकून व्यवहारी माणूस हसेल. पण त्याहून कठीण बाब वेळेची आहे. तेथे प्रश्नोत्तरांची एक फेरी सुमारे १.१ मायक्रोसेकंदांत उरकते, तर मधल्या आकाराच्या रचनेत त्या उत्तरांवरून बिघाड कोठे झाला याचा निवाडा हाती यायला सरासरी ६३ मायक्रोसेकंद लागले. म्हणजे एका फेरीचा निकाल येईतो पन्नासाहून अधिक नव्या फेऱ्या दप्तरी दाखल झालेल्या असतात. हा विलंब कमी करणे, हा आज याच क्षेत्रात प्रबंध लिहू पाहणाऱ्यांपुढील एक जिवंत विषय आहे.