रुप्याचें चित्र आणि शाईचें चित्र

जुन्या पेटींत आजोबांच्या लग्नाचा फोटो सांपडतो. कागदाची कड पिवळी पडलेली असते, पण पागोट्याची घडी न् घडी स्पष्ट दिसते. त्याच घरांत दहा वर्षांपूर्वीं प्रिंटरवर छापून भिंतीला लावलेलें रंगीत चित्र मात्र प्रसंगीं ओळखूं येईनासें होतें. असें कां व्हावें?

जुनें चित्र रुप्याचें आहे. कागदावरील जिलेटिनच्या थरांत रुप्याचे क्षार बसविलेले असत. निगेटिव्हमधून आलेला प्रकाश त्यांवर पडला तरी डोळ्यांना कांहींच फरक दिसत नसे. पण कागद डेव्हलपरच्या तबकांत बुडविला कीं प्रकाश लागलेल्या क्षारांचे काळ्या रुप्याचे कण बनत, आणि लाल दिव्याच्या अंधुक उजेडांत चेहरा हळूहळू वर येई. उरलेले क्षार विरघळवून टाकण्याचें काम हायपोचें. हा गुण जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८१९ सालीं शोधला. वीस वर्षांनीं तो छायाचित्रणाच्या उपयोगीं पडला. कागद नीट धुतला गेला नाहीं तर तोच हायपो पुढें डाग पाडी.

काळोख्या खोलींतील खरी कसोटी निराळीच होती. एखादा चेहरा फार काळा येत असेल तर तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा एन्लार्जरच्या प्रकाशांत हलवीत तेवढ्यावर सावली धरावयाची. आकाश फार पांढरें असेल तर तेथें ओंजळींतून जास्त प्रकाश सोडावयाचा. आणि हें सारें सेकंद मोजीत. दुसरी प्रत हवी असली कीं सगळा खटाटोप पहिल्यापासून. संगणकावर हीच सावली एकदां ठरविली कीं फाईलमध्यें कायम राहते, आणि शंभरावी प्रत पहिलीसारखी निघते. ही सोय कांहीं थोडी नव्हे. तबकांतून वर येणाऱ्या चेहऱ्याचा आनंद मात्र गेला, हेंही खरें.

इंकजेट म्हणजे कागदावर शाईचे अतिसूक्ष्म थेंब उडविणारें यंत्र. अमेरिकेंतील आयरिस कंपनीचें ३०४७ हें असें यंत्र मोठ्या छपाईपूर्वीं नमुन्याची प्रत काढण्यासाठीं बनविलेलें होतें. गायक ग्रॅहॅम नॅश यांनीं तें सुमारें सव्वा लाख डॉलरना घेतलें. जाड चित्रकागद आंत जावा म्हणून त्याचा कांहीं भाग करवतीनें कापण्यांत आला. आणि १९९१ सालीं कॅलिफोर्नियांत त्यांचा ‘नॅश एडिशन्स’ हा छापखाना सुरू झाला. छपाई सुंदर होई. दोष एकच, आणि तो मोठा : त्या आरंभींच्या शायांचीं कांहीं चित्रें थोड्याच वर्षांत विटलीं.

कारण समजण्यास पळस आणि गेरू आठवावेत. पळसाच्या फुलांचा रंग पाण्यांत पुरता उतरतो. गेरू कालवला तरी तळाशीं बसतो, कारण ती मातीची पूड आहे. आरंभींच्या शाया पळसाच्या जातीच्या : रंग झळझळीत, पण त्याचा प्रत्येक रेणू ऊन आणि हवेंतील ओझोन यांच्या तावडींत उघडा. गेरूच्या जातीच्या शाईंत रंगाचे सूक्ष्म कण असतात. कणाचें वरचें अंग झिजलें तरी आंतला रंग शिल्लक राहतो. एप्सन कंपनीनें २००० सालीं टेबलावरच्या यंत्रांत अशी शाई आणली. तिचीं चित्रें दिवसाउजेडीं हिरवट दिसत. तो दोष पुढें पुष्कळ कमी झाला. २००५ सालीं एकाच यंत्रांत काळी, तिच्याहून फिकी आणि त्याहूनही फिकी अशा तीन शाया आल्या, तेव्हां कृष्णधवलाच्या अभिमान्यांचा विरोध मावळूं लागला. त्याच वर्षीं कोडॅकनें कृष्णधवल कागद बंद करण्याचें जाहीर केलें. त्यामुळें कित्येकांना निवडच उरली नाहीं.

तेव्हां भिंतीसाठीं चित्र छापून घेतांना शाई कणांची कीं विरघळलेल्या रंगाची, हें आधीं विचारावें. चित्राला कांच लावावी आणि उन्हाची भिंत टाळावी. स्कॅन झाल्यावर मूळ फोटो टाकून देणें तर निव्वळ अविचार होय. फाईल उघडणारें यंत्र पन्नास वर्षांनीं मिळेलच असें नाहीं. कागदावरच्या फोटोला डोळ्यांखेरीज कांहीं लागत नाहीं.

काळोखी खोली अगदींच ओस पडलेली नाहीं. इल्फर्डचे कृष्णधवल कागद अजून मिळतात. शिवाय कांहीं छायाचित्रकार इंकजेट यंत्रानेंच पारदर्शक फिल्मवर मोठी निगेटिव्ह छापतात, हातानें क्षार लावलेल्या कागदावर ती ठेवतात, आणि दोन्ही कांचेखालीं दाबून उन्हांत धरतात.