शिष्यपरीक्षा आणि प्रवेशाची मुलाखत

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यात कोणते गुण असावेत, हा प्रश्न आपल्या संहिताकारांनी फार गांभीर्याने घेतला आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसऱ्या अध्यायाचे नावच 'शिष्योपनयनीय' आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्याचे गुण विस्ताराने सांगितले आहेत. मेधा व स्मृती यांच्याबरोबरच धैर्य, निरहंकार वृत्ती, लोभाचा व आळसाचा अभाव आणि सर्व प्राणिमात्रांविषयी हितबुद्धी यांचा त्यांनी आवर्जून उल्लेख केला आहे.

आज आपल्या महाविद्यालयांतील प्रवेश 'नीट' परीक्षेच्या 720 गुणांवर ठरतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांतून मेधा व स्मृती काही अंशी कळते. उरलेले गुण मात्र अपरीक्षितच राहतात. म्हणून 'प्रवेशापूर्वी मुलाखत घ्यावी' अशी सूचना वैद्यांच्या बैठकींतून वारंवार ऐकू येते. सूचनेमागील तळमळ आम्हांस मान्य आहे. परंतु मुलाखतीने हे गुण खरोखर ओळखता येतात काय, हे आधी पाहणे अगत्याचे आहे.

ह्यूस्टनचा धडा

1979 साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयाची निवड पूर्ण झाल्यानंतर राज्याच्या विधिमंडळाने 50 जागा वाढविण्यास सांगितले. त्यामुळे आधी नाकारलेल्या उमेदवारांतून 50 जणांना घ्यावे लागले. पहिल्या निवडीत ते मागे पडले होते ते मुख्यतः मुलाखतीच्या आधारे केलेल्या मूल्यमापनामुळे. पुढे दोन्ही गटांची तुलना करण्यात आली व 1987 साली ती प्रसिद्ध झाली. परीक्षांतील यश, रुग्णालयातील काम, शिक्षण अर्धवट सोडण्याचे प्रमाण, यांपैकी कशातही उल्लेखनीय फरक आढळला नाही. अनुभवी परीक्षकांनी विश्वासाने केलेली निवड भावी वैद्याविषयी फारसे काही सांगू शकली नव्हती.

दोष कोठे आहे?

नेहमीच्या मुलाखतीत दोन-तीन परीक्षक उमेदवाराशी अर्धा तास बोलतात. पहिल्या काही क्षणांत बनलेले मत पुढील सर्व उत्तरांना रंग देते. परीक्षकासारखी भाषा, राहणी व आवड असलेला उमेदवार नकळत उजवा ठरतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मनुष्याचे वर्तन प्रसंगागणिक बदलते. एका प्रसंगी धीर धरणारा दुसऱ्या प्रसंगी गडबडून जातो. एकाच संभाषणावरून स्वभाव ठरविणे म्हणजे एकाच लक्षणावरून व्याधिविनिश्चय करण्यासारखे आहे.

आम्हीही ही चूक केली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयासाठी सहायक वैद्य निवडताना अस्खलित बोलणाऱ्या उमेदवारास घेतले व अडखळत बोलणाऱ्यास परत पाठविले. पहिल्याचे बोलणे रुग्णासमोरही थांबेना. वृद्ध रुग्ण आपली व्यथा अर्धवट सांगून उठू लागले, तेव्हा आमची चूक ध्यानी आली.

मॅकमास्टरची पद्धत

या दोषावर कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठात एक उपाय शोधण्यात आला. केव्हिन इव्हा, हॅरॉल्ड रायटर, जॅक रोझनफेल्ड व जेफ्री नॉर्मन यांनी 2004 साली तो प्रसिद्ध केला. एका दीर्घ मुलाखतीऐवजी दहा छोट्या मुलाखती, हे त्याचे सार. प्रत्येक खोलीच्या दारावर एक प्रसंग लिहिलेला असतो. उमेदवार दोन मिनिटे विचार करतो व आत जाऊन आठ मिनिटे बोलतो. प्रत्येक ठिकाणी परीक्षक वेगळा असतो. इतरांनी किती गुण दिले हे त्यास ठाऊक नसते.

प्रसंगही बोलके होते. स्वतःचा विश्वास नसलेले औषध केवळ रुग्णाच्या समाधानासाठी देणाऱ्या डॉक्टरांचे वर्तन योग्य की अयोग्य, याची चर्चा एका ठिकाणी करावयाची होती. दुसरीकडे विमानप्रवासाच्या भीतीने ग्रासलेल्या सहकारी स्त्रीची भूमिका करणारी अभिनेत्री बसलेली असे; तिला विमानतळावर न्यावयाचे होते. तिचे म्हणणे उमेदवार ऐकून घेतो, की तिला केवळ उपदेश करतो, हे तेथे उघड होई.

या पद्धतीने मिळालेल्या गुणांचा पुढील रुग्णालयीन प्रशिक्षणातील कामगिरीशी, तसेच कॅनडाच्या राष्ट्रीय परवाना परीक्षेतील यशाशी संबंध आढळला. परवाना परीक्षेविषयीचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. तथापि ही पद्धतही निर्दोष नाही. तीस पुष्कळ परीक्षक व मोठी पूर्वतयारी लागते आणि बोलक्या स्वभावाच्या उमेदवारास तीतही काहीसा लाभ होतो, असे दिसून आले आहे.

आपल्याकडील प्रश्न

आपल्या देशात तर आणखी एक भय आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेस 100 व तोंडी परीक्षेस 50 गुण होते. मुलाखत जेमतेम दोन-तीन मिनिटांची होती, अशी उमेदवारांची तक्रार होती. 'अजय हासिया' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 1980 मध्ये तोंडी परीक्षेचे हे प्रमाण मनमानी ठरविले व 15 टक्क्यांहून अधिक गुण मुलाखतीस नसावेत असे सांगितले. वशिला, जात, आडनाव व इंग्रजी यांचा शिरकाव मुलाखतीत किती सहज होतो, हे वाचकांस वेगळे सांगणे नको. ग्रामीण भागातील कष्टाळू विद्यार्थ्यास आज लेखी गुणांचे जे संरक्षण आहे, ते घाईने काढून घेणे अन्यायाचे होईल.

मग करावे काय?

चरकाचार्यांनी ज्या अध्यायात शिष्याचे गुण सांगितले, त्याच अध्यायात रुग्णाची दशविध परीक्षाही सांगितली आहे. प्रकृती, विकृती, सार, संहनन असे अनेक भाव निरनिराळे तपासून मगच निर्णय घ्यावयाचा, ही आपल्या शास्त्राची रीत आहे. तीच शिष्यासही लावावी, असे आमचे नम्र मत आहे.

प्रवेशाचे नियम आपल्या हाती नाहीत. परंतु सहायक वैद्य निवडणे व नवपदवीधरांस हाताखाली घेणे आपल्याच हाती आहे. तेथे एका गप्पेऐवजी चार प्रसंग योजावेत: निरक्षर रुग्णास पथ्य समजावणे, झालेली चूक कबूल करणे, संतप्त नातेवाइकास सामोरे जाणे, आणि न येणाऱ्या प्रश्नास 'ठाऊक नाही' असे म्हणणे. प्रत्येक प्रसंगी परीक्षक निराळा असावा, अपेक्षा आधी लिहून ठेवाव्यात आणि परस्परांशी चर्चा करण्यापूर्वीच गुण द्यावेत.

आपल्या अनेक महाविद्यालयांत नवागतांसाठी शिष्योपनयनाचा समारंभ होतो. समारंभ आपण जपला, परीक्षा मात्र गळाली. ती परत आणावयाची असेल तर तिची सुरुवात आपल्याच चिकित्सालयापासून व्हावी.